शाळेत, एसटीत, दुकानात, फडावर: दिवसभरात पाणी कधी पिता तुम्ही?

रानजाई

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी खानदेशात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ४३. घर ते शाळा ३८ किलोमीटर, रोजचं अपडाऊन. साडेआठची एसटी, शाळा साडेदहा ते पाच, परतीची गाडी वेळेवर आली तर सातपर्यंत घरी. अकरा वर्षं झाली याला.

फेब्रुवारीत एका रात्री अडीच वाजता उजव्या कुशीतून कळ निघाली, पाठीतून थेट जांघेत उतरणारी. दोन बाळंतपणं झालीत माझी पण ही कळ काही वेगळीच होती, बसून बरं वाटेना झोपून बरं वाटेना, आणि वरून हुडहुडी भरून ताप. मिस्टरांनी तसंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मूत्रवाहिनीत ९ मिलिमीटरचा खडा अडकलेला, मागे लघवी तुंबलेली आणि किडनीत इन्फेक्शन. आधी आतून स्टेंट म्हणजे बारीक नळी टाकून वाट मोकळी केली, इन्फेक्शन उतरल्यावर तीन आठवड्यांनी दुर्बिणीतून लेसरने खडा फोडला. तो स्टेंट आत असतानाचे तीन आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही.

डॉक्टर बाईंनी विचारलं दिवसभरात पाणी किती पिता. मी म्हटलं पिते की. त्या म्हणाल्या सोमवारचं सांगा, उठल्यापासून. मग बोटं मोजायला लागले तर सकाळी चहा, बीपीच्या गोळीबरोबर अर्धं फुलपात्र, शाळेत डबा खाल्ल्यावर दोन घोट, संध्याकाळी घरी आल्यावर मात्र एकदम तांब्याभर. म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सात या अकरा तासांत पावशेर पाणीसुद्धा नाही, आणि ते पण मार्च-एप्रिलच्या आमच्या उन्हात. मग त्यांनी विचारलं, शाळेत बाथरूम आहे का हो तुमच्या?

आहे. मुलींसाठी आणि आम्हा दोघी बाईंसाठी मिळून एकच आहे, आतून कडी नाही, नळ कोरडा, पाणी हापशावरून बादलीने न्यायचं. एक मुलगी बाहेर उभी करून दुसरीने जायचं. एसटी स्टँडवरचं तर सांगायलाच नको. मला पाण्याचा विसर पडत नव्हता हो, मी ठरवून पीत नव्हते. सकाळी घरातून निघतानाच डोक्यात गणित असायचं की आत्ता प्यायले तर पाचोऱ्याच्या अलीकडेच लागेल.

दर उन्हाळ्यात मला उन्हाळी लागायची, जळजळ व्हायची, मी धने-जिऱ्याचं पाणी पिऊन वेळ मारून न्यायची आणि आईपण म्हणायची अगं उष्णता आहे अंगात. आता वाटतं तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

तर मला विचारायचंय, तुम्ही सगळे कसं जमवता? विशेषतः बाहेर काम करणाऱ्या बायका. आणि किती पाणी म्हणजे पुरेसं, हे कोणी जाणकार नीट सांगेल का?

कसारा_लोकल

रानजाई, वाचून पोटात गोळा आला, कारण हे माझंच आहे सगळं. कसारा ते सीएसएमटी, एका बाजूचे अडीच तास, आणि लोकलला टॉयलेट नसतं हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या लेडीज डब्यात अलिखित नियम आहे, गाडीत बसायच्या तासभर आधीपासून पाणी बंद. मी पंचविशीत होते तेव्हापासूनची सवय. ऑफिसला पोचल्यावर पिते पण तिथेही साडेचारनंतर बंद, कारण परतीची गाडी. स्टेशनवरचं गाठायचं म्हटलं तर एक गाडी सोडावी लागते आणि कसाऱ्याची गाडी सोडली की पुढची कधी ते विचारू नका.

आमच्या ग्रुपमधल्या सात जणींपैकी चार जणींना वर्षातून दोनतीनदा युरीन इन्फेक्शन होतं. आम्ही ते ट्रेनमध्ये एकमेकींना सांगतो, गोळीचं नाव विचारतो, केमिस्टकडून घेतो आणि झालं.

वऱ्हाडी_पाहुणा

ताई तब्येतीची काळजी घ्या. मी अकोल्याचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते आणि घरोघरी एकतरी मुतखडेवाला निघतेच. मला दोनदा झाला. पहिला ४ एमएमचा होता, पडून गेला आपोआप, दुसऱ्याले ॲडमिट व्हा लागलं. पानफुटीचे पानं खाल्ले, कुळथाचं कढण पेलो, मित्रानं बिअर पे म्हटलं ते बी करून पाहिलं. फरक कायनं पडला मालूम नाही. डॉक्टरनं इतकंच सांगतलं का टमाटे सोडू नको, दूध सोडू नको, पाणी वाढव अन मीठ कमी कर. मी त दूधच बंद केलं होतं दोन साल.

मी शेतात जातो त तांब्याच्या तांब्या पेतो, पण आमची माय कधी शेतात पाणी पेतांनी दिसली नाही मले. हे वाचून आज पहिल्यांदा डोक्यात आलं का असं काऊन.

वैद्यकीय_मुसाफिर

मी फिजिशियन आहे. धागा फार चांगला निघालाय म्हणून जरा सविस्तर लिहितो, मोठं झालं तर वाचा सावकाश.

आधी हे समजून घ्या की आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर पातळ भाग गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत अंगात घेतात, उरतं ते दीड-दोन लिटर म्हणजे लघवी. तुम्ही पाणी कमी प्यायलात की किडनी आणखी जास्त पाणी परत ओढते, शरीर कोरडं पडू देत नाही, म्हणूनच आपल्याला वाटतं की काय झालंय, मी तर ठणठणीत आहे. पण टाकायचा कचरा तेवढाच आणि पाणी अर्धं. पाकात साखर जास्त झाली की कडेला खडे धरतात बघा, तसंच कॅल्शियम आणि ऑक्झलेट (अन्नातून येणारा एक घटक) यांचे स्फटिक जमायला लागतात. रात्री बारीक कण, वर्षाने वाळूचा दाणा, पाच वर्षांनी ९ एमएम.

दुसरं म्हणजे इन्फेक्शन. बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटरची असते, जंतू वर चढायला वेळ लागत नाही. त्यांना बाहेर ढकलायचा साधा मार्ग म्हणजे वरचेवर लघवी होणं. पाणी कमी आणि वर सहा-सहा तास रोखून धरणं, म्हणजे जंतूंना आयतं घर. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या, पण पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या होत्या. अर्ध्या जणींना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्या गटात इन्फेक्शनची सरासरी १.७ वेळा आली, दुसऱ्या गटात ३.२ वेळा. औषध कुठलंही नाही, फक्त पाणी.

खड्यांचंही तसंच. इटलीत पहिल्यांदाच खडा झालेल्या लोकांवर पाच वर्षांचा अभ्यास झाला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. भरपूर पाणी पिणाऱ्या ९९ जणांपैकी १२ जणांना खडा परत झाला, बाकीच्या १०० जणांपैकी २७ जणांना. त्यामुळे ज्यांना एकदा खडा झालाय त्यांना आम्ही सांगतो की लघवीच दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी. किती प्यायलात त्यापेक्षा किती बाहेर पडलं ते बघायचं, कारण उन्हात अर्धं तर घामातच जातं. एक दिवस सुट्टीच्या दिवशी जुन्या मापाच्या डब्यात मोजून बघा, लाजायचं काही नाही.

वऱ्हाडी, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि शौचावाटे नेतं, म्हणून दूध-दही बंद केलं तर उलट खडे वाढू शकतात. पापड, लोणचं, फरसाण कमी करा. लिंबूपाणी चांगलं, साखर-मीठ बेताने. बिअरच्या नादी मात्र लागू नका.

आणि रानजाई, तुमच्यासारखं कुशीत कळ आणि सोबत थंडी वाजून ताप, हे कोणालाही झालं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. तुंबलेल्या किडनीत पू होतो आणि जीवावर बेततं. तुमच्या मिस्टरांनी रात्रीच नेलं ते फार बरं केलं.

आठ_ग्लासवाला

डॉक्टर, मी रोज पहाटे उठल्या उठल्या तांब्याच्या भांड्यातलं सव्वा ते दीड लिटर पाणी एका दमात पितो, उषःपान, वडिलांपासून चालत आलंय. दिवसाचे आठ ग्लास पूर्ण करायचा माझा नेम आहे. मग दिवसभर विशेष पीत नाही. हे चालेल ना? आणि उभ्याने पाणी प्यायलं की गुडघे जातात असं फॉरवर्ड आलेलं, खरं आहे का ते?

वैद्यकीय_मुसाफिर

उभ्याने पिण्याचा आणि गुडघ्यांचा काही संबंध नाही, निर्धास्त राहा.

उषःपानात वाईट काही नाही, रात्रभर घसा कोरडा असतो. पण एकदम प्यायलेलं दीड लिटर किडनी दोनतीन तासांत बाहेर टाकून मोकळी होते, दुपारी बाराला तुम्ही परत कोरडेच. थोडं थोडं दिवसभर विभागून प्या.

आठ ग्लासाचं मूळ म्हणून बहुतेक वेळा अमेरिकेतल्या अन्न आणि पोषण मंडळाची १९४५ ची शिफारस दाखवतात, दिवसाला अडीच लिटर. गंमत म्हणजे त्याच्या पुढच्याच वाक्यात म्हटलं होतं की यातलं बरंचसं पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं, ते वाक्य लोक विसरले. २००४ मध्ये तिकडच्याच तज्ज्ञांनी पुरुषांना ३.७ लिटर आणि बायकांना २.७ लिटर असा आकडा दिला, पण तो अन्नातलं, चहातलं, दुधातलं सगळं धरून. आपल्या ताटात वरण आहे, ताक आहे, रस्सा आहे, भाकरीतही पाणी आहे. चहासुद्धा हिशेबात धरायचा, चहाने पाणी उलटं कमी होतं हा गैरसमज आहे.

साधी खूण सांगतो, लघवीचा रंग बघा. फिकट, गव्हाच्या काड्यासारखा असेल तर ठीक. गडद पिवळा, घाण्याच्या तेलासारखा असेल तर पाणी कमी पडतंय. फक्त बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असाल तर रंग तसाही पिवळाधमक येतो, तेव्हा घाबरू नका.

निवांत_संध्याकाळ

थोडी दुसरी बाजू मांडते, कृपया कोणी रागावू नका.

माझी आई ७८ वर्षांची. बीपीसाठी लघवीची गोळी चालू होती. कोणीतरी सांगितलं पाणी भरपूर प्या म्हणजे किडनी धुतली जाते, म्हणून ती बाटल्या मोजून तीन-साडेतीन लिटर पिऊ लागली आणि मीठ तर बीपीमुळे आधीच जवळजवळ बंद. आठवड्याने ती मला ताई म्हणायला लागली, ताई म्हणजे तिची वारलेली बहीण. आम्हाला वाटलं स्मृतिभ्रंश सुरू झाला. रक्त तपासलं तर सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, जास्त पाण्याने पातळ होऊन ११८ वर आलेलं, जे १३५ च्या वर हवं. चार दिवस आयसीयूत, गोळी बदलली, पाणी मोजून द्यायला सांगितलं. आता आई परत शब्दकोडी सोडवते.

त्यामुळे पाणी प्या पाणी प्या असं सरसकट सांगताना माझा जीव घाबरतो. घरात हार्टचा पेशंट असेल, डायलिसिसवाला असेल, कोणी लघवीची गोळी घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वैद्यकीय_मुसाफिर

रागवायचं कशाला, अतिशय महत्त्वाचं लिहिलंत. असे पेशंट आम्ही दर उन्हाळ्यात बघतो. तरुण धडधाकट माणसालासुद्धा हे होऊ शकतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, कारण वाटेत प्रत्येक टेबलावर पाणी पीत गेले. त्या शर्यतीत एक २८ वर्षांची मुलगी यानेच दगावली.

आणि म्हाताऱ्या माणसांचं दुसरं टोकही आहे, वय वाढतं तशी तहानच कमी लागते. आजोबा मागत नाहीत म्हणजे त्यांना नको आहे असं नसतं. त्यांच्या हाताशी छोटा पेला भरून ठेवा, दर वेळी उठून जावं लागेल इतक्या लांब तांब्या ठेवू नका. किती द्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

दुबईकर_रत्नांग्रीकर

मी गेली १४ वर्षं इकडे बांधकामाच्या साईटवर सेफ्टी बघतो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, कायदाच आहे इथला. तरी सकाळी दहालाच भट्टी असते. आम्ही पोरांना सांगतो की तहान लागायची वाट बघू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी एक कप, साधारण पाव लिटर. एकदम लिटरभर घशाखाली ओतायचं नाही. आणि नुसतं पाणी नाही, जेवण वेळेवर, घाम फार गेला तर ओआरएस.

सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं ते गावाहून नवीन आलेल्या पोराला, पहिला आठवडा-दोन आठवडे. अंगाला त्या उन्हाची सवय झालेली नसते, घाम नीट सुटत नाही, आणि नवीन म्हणून तो मधे थांबायला लाजतो. त्याला आम्ही कामच कमी देतो आधी.

पण एक सांगतो, साईटवर पाण्याचा कूलर जिथे ठेवतो तिथून जवळच टॉयलेट ठेवतो आम्ही. पूर्वी लांब होतं तेव्हा पोरं पाणी प्यायची नाहीत. पुरुष असूनसुद्धा. रानजाईंचं गणित इथेही तेच आहे.

फडावरची_नोंद

मी बीड जिल्ह्यात आरोग्य खात्यात काम करते. ऊसतोडीच्या कोयत्यावर ज्या जोड्या जातात त्यांतल्या बायकांशी रोजचं बोलणं असतं. पालापाशी संडास नाही, फडात आडोसा म्हणजे उभा ऊस, आणि तोडत गेलं की तोही मागे सरकत जातो. त्यामुळे पहाटे अंधारात एकदा आणि रात्री अंधार पडल्यावर एकदा. मधे पाणी किती प्यायचं ते यावर ठरतं. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते तुम्हीच समजा. पोटात दुखतंय, अंगावरून जातंय म्हणून त्या येतात, तपासलं तर कितीदा साधं लघवीचं इन्फेक्शन निघतं. माझं मत स्पष्ट आहे, गर्भपिशवीकडे बोट दाखवायच्या आधी तिला विचारावं की बाई तू सकाळपासून पाणी प्यायलीस का.

मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वामध्ये, उसाच्या मळ्यांवरच्या तरण्याताठ्या मजुरांच्या किडन्या मोठ्या प्रमाणावर निकामी झाल्या. मधुमेह नाही, बीपी नाही. कडक उन्हात तासन्तास जड काम आणि पाण्याची कमतरता हे त्यामागचं मोठं कारण मानतात. तिथे मग पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी एकत्र देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आपला हंगाम थंडीत सुरू होतो म्हणून आपण बेफिकीर, पण मार्चपर्यंत फड चालू असतात आणि मार्चचं ऊन काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

दुकानातली_लेक

माझी आई दादरला साड्यांच्या दुकानात २२ वर्षं सेल्सला होती. दिवसभर उभं राहायचं. दुकानात बायकांसाठी सोय नव्हती, समोरच्या हॉटेलात जायचं तर मालकाला सांगून जायचं आणि दोनदा गेलं की तोंड वाकडं. आई डब्यात ताक न्यायची बंद झाली होती, जेवण सुकंच न्यायची, पोळी आणि चटणी. मला लहानपणी वाटायचं तिला ताक आवडत नाही.

केरळात कोळिकोडला मिठाई तेरुवू म्हणून बाजार आहे, तिथल्या दुकानांतल्या बायकांचं अगदी हेच रडगाणं होतं, टॉयलेट नाही म्हणून पाणी प्यायचं नाही आणि बसायलाही बंदी. त्यांनी पेणकूट्टु नावाची संघटना केली, आधी टॉयलेटसाठी आणि मग बसण्यासाठी लढल्या, आणि २०१८ मध्ये केरळ सरकारला दुकानांचा कायदा बदलून बसण्याचा हक्क लिहावा लागला. आपल्याकडे मुंबईत २०११ मध्ये राइट टू पी मोहीम सुरू झाली ती बऱ्याच जणींना आठवत असेल, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हा मुद्दा त्यांनीच लावून धरला. पुण्यातून 'मिळून साऱ्याजणी' मासिकाने आणि इतर काही जणांनी हायकोर्टात याचिका केली आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये कोर्टाने महापालिकांना सांगितलं की बायकांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहं बांधा. म्हणजे मागायला आधार आहे आपल्याकडे, फक्त आपण तो वापरत नाही.

आई आता ६४ ची आहे. अजूनही बाहेर जायचं म्हटलं की पाण्याचा ग्लास बाजूला सारते. मी काल हा धागा तिला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून स्वयंपाकघरात गेली.

कसारा_लोकल

दुकानातली_लेक 🙏

एसटीचं पण बोला कोणीतरी. मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास झाला, गाड्या बायकांनी भरून जातात, माझी मावशी आता शेगावला पण एकटी जाऊन येते. फार चांगलं झालं. पण स्टँडवरची बाथरूमं होती तेवढीच आणि होती तशीच. मावशी शेगावहून आली की आधी दोन दिवस डोकं धरून बसते, पाणी न पिता सहा सात तास बसलेली असते ती.

रानजाई

इतक्या प्रतिसादांची खरंच कल्पना नव्हती. सगळ्यांचे आभार, आणि डॉक्टरसाहेब तुमचे विशेष. काड्याच्या रंगाची खूण मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय. तुम्ही लिहिलंत त्याप्रमाणे रविवारी मोजून पाहिलं तर दिवसभरात १४०० मिली भरली. अडीच लिटर अजून लांब आहे.

आता शाळेतलं सांगते. आजारपणानंतर रुजू झाले तेव्हा मी फक्त स्वतःचा विचार करत होते, की आपण बाटली न्यायची आणि काहीही झालं तरी प्यायचं. पहिल्याच दिवशी दुपारी सहावीच्या वर्गात सगळ्यांना सांगितलं, आपापल्या बाटल्या बाकावर ठेवा. मुलांच्या बाटल्या रिकाम्या, दोघंतिघं तर हापशावर जाऊन परत भरून आलेले. मुलींच्या १९ बाटल्या होत्या आणि त्यातल्या १४ गळ्यापर्यंत भरलेल्या. दुपारचे अडीच वाजलेले. एकीला विचारलं का गं पीत नाहीस, तर म्हणाली बाई घरी गेल्यावर पिते ना. मी जे अकरा वर्षं करत होते ते माझ्या डोळ्यासमोर अकरा वर्षांच्या पोरी शिकल्या होत्या, आणि त्यांना कोणी शिकवलं असेल तर आम्ही मोठ्यांनीच.

त्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी हे शाळेचे निकष म्हणून लिहिलेलेच आहेत, ते वाचून दाखवलं. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे पैसे येतात त्यातला ठरावीक भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करावा लागतो, हे आमच्या ग्रामसेवकांनीच मीटिंगमध्ये सांगितलं, मला माहीत नव्हतं. ठराव झालाय की हापशावर मोटर बसवून वर टाकी आणि नळ जोडायचा. कधी होईल ते बघू, पाठपुरावा करतेय. मला बोलताना सुरुवातीला फार अवघड गेलं, समोर गावातली बापेमाणसं बसलेली, पण माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलीच्या आजी एकदम म्हणाल्या, बाई खरं बोलून राहिल्या, माझी नात घरी आली की आधी मोरीत पळते. मग कोणी हसलं नाही.

कडीसाठी मात्र मी थांबले नाही. आतून लावायची कडी १२० रुपये, गावातल्या सुतारदादांनी बसवायचे पैसे घेतले नाहीत. दाराखालची फट पत्र्याने बुजवून दिली.

आणि पाण्याची घंटा सुरू केलीय. केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये ही कल्पना काढली होती, दिवसातून तीनदा फक्त पाणी पिण्यासाठी घंटा. आम्ही पावणेबारा, दोन आणि साडेतीनला वाजवतो. पण मी मुख्याध्यापकांना सांगितलं की घंटेनंतर पाच मिनिटं बाथरूमची पण द्यायची, नाहीतर पोरी नुसत्या बाटली तोंडाला लावतील आणि घोट घेणार नाहीत. आणि तासाला कोणी परवानगी मागितली तर 'आत्ताच तर जाऊन आलीस ना' असं म्हणायचं नाही, हे आम्ही सगळ्या शिक्षकांनी ठरवलं.

वऱ्हाडी_पाहुणा

ताई, जबरदस्त. मी काल मायले विचारलं. म्हणे, अरे वावरात कुठं जाऊ मी, धुऱ्यावर सारे गडीमाणसं राहतेत. साठ वर्साची झाली, मले आता सांगून राह्यली. विहिरीपाशी चार पत्रे अन एक भांडं बसवतो या पेरणीच्या आधी. शोषखड्डा विहिरीपासून लांब घेऊन.

वैद्यकीय_मुसाफिर

शोषखड्डा लांब घ्याल तेवढं बरं, आणि विहिरीच्या उताराच्या बाजूला, चढाला नको. माझी एक चूक कबूल करतो. मी वीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, इन्फेक्शन घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला 'पाणी जास्त प्या' सांगून पाठवतो. कामाच्या ठिकाणी बाथरूम आहे का, हे मी फारसं कधी विचारलं नाही. कालपासून केसपेपरवर तो प्रश्न लिहायला घेतलाय. काल दुपारपर्यंत आलेल्या अशा पाच जणींपैकी तिघींनी नाही म्हणून सांगितलं.

पिंपळपान

धागा सकाळी वाचला. मुलगी चौथीत आहे, शहरातली इंग्रजी मीडियमची शाळा, फी भरपूर, त्यामुळे आपल्याकडे असं नसणार असं गृहीत धरलं होतं. संध्याकाळी दप्तरातून बाटली काढली तर वजनावरूनच कळलं. सकाळी ७५० मिली भरून दिली होती, मापाने मोजलं, ६८० परत आलं. विचारलं तर म्हणाली, आई तिथे खूप वास येतो आणि दार उघडतं.

क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर लिहिलंय की आज सगळ्यांनी मुलींच्या बाटल्या बघा. आत्तापर्यंत नऊ जणींचे फोटो आलेत. रानजाई, तुम्ही मीटिंगमध्ये कायद्यातला जो भाग वाचून दाखवलात तो इथे टाकाल का, शनिवारी पालकसभा आहे.

रानजाई

टाकते, शाळेतल्या फाईलला आहे, उद्या दुपारी बघून शब्दशः टाइप करते. कडीचं पण विचारून ठेवा, दार कोणत्या बाजूला उघडतं ते आधी बघा, आमची पहिली कडी उलट्या बाजूची निघाली होती.